डॉकिंग सेन्सर चाचणी-मंच : कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

डॉकिंग म्हणजे अंतराळात दोन यानं एकमेकांना जोडणं. त्यासाठी लक्ष्याचं अंतर, दिशा आणि कल मोजणारा कॅमेरा-सेन्सर या मंचावर तपासायचा आहे. आज रूळ सरळ बसला. १० मीटर लांबी, एका टोकाला स्थिर कॅमेरा, आणि रुळावरून कॅमेऱ्याकडे सरकणारी गाडी. गाडीवर लक्ष्य-फळी. खऱ्या अंतराळात पाठलाग करणारं यान लक्ष्याकडे जातं. इथे लक्ष्यच कॅमेऱ्याकडे येतं. सापेक्ष गती तीच असल्यामुळे सेन्सरच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही.

फळीवर ३०० मिमी बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार कॉर्नर क्यूब बसवले आहेत. मध्यभागी १०० मिमी उंचीचा खांब आहे आणि पाचवा क्यूब त्याच्या टोकावर. कॉर्नर क्यूब म्हणजे एकमेकांना काटकोनात असलेले तीन आरसे. प्रकाश कुठूनही येवो, तो आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून दिवा भिंगाशेजारी ठेवला की हे पाच ठिपके झगमगतात आणि बाकीचं दृश्य अंधारात राहतं. युरोपचं ‘ज्यूल व्हर्न’ मालवाहू यान ३ एप्रिल २००८ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला आपोआप जोडलं गेलं, तेव्हा त्याचे सेन्सर झ्वेझ्दा मॉड्यूलवरच्या अशाच २६ परावर्तकांकडे बघत होते.

गाडीच्या चाकावर एन्कोडर, म्हणजे चाकाच्या फिरण्यावरून अंतर मोजणारं साधन आहे. त्याचं माप फक्त तपासणीसाठी, सेन्सरला ते कधीच दिसणार नाही. हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवतोय.

९ ऑगस्ट

कागदावरची भूमिती. कॅमेरा १२८० × १०२४ पिक्सेलचा, भिंगाचं नाभीय अंतर १२ मिमी, एक पिक्सेल ४.८ मायक्रोमीटर. म्हणजे नाभीय अंतर पिक्सेलमध्ये २५००. १० मीटरवर ३०० मिमीची बाजू ७५ पिक्सेल दिसेल, ५ मीटरवर १५०, १ मीटरवर ७५०.

अंतरातली चूक अंतराच्या वर्गाने वाढते. ठिपक्याचं केंद्र पिक्सेलच्या विसाव्या भागाइतकं अचूक मिळालं, तर १० मीटरवर जवळपास ७ मिमीची चूक येते आणि २ मीटरवर पाव मिलिमीटरच्या आसपास. जसजसं जवळ जावं तसतशी नजर आपोआप तीक्ष्ण होते. डॉकिंगसाठी कॅमेरा इतका सोयीचा का, याचं उत्तर मला इथेच मिळतं.

खांबाबद्दल सहकाऱ्याने विचारलं होतं की तो कशाला, सपाट फळी बनवायला सोपी. म्हणून हिशोब करून दाखवला. ५ मीटरवर फळी १ अंशाने वळली तर चौकोनाची रुंदी फक्त ०.०२ पिक्सेलने घटते. जवळची आणि लांबची बाजू यांच्या लांबीत ०.१६ पिक्सेलचा फरक पडतो, तोही गोंगाटात बुडण्याच्या बेतात. खांबावरचा ठिपका मात्र ०.९ पिक्सेलने सरकतो. कल मोजण्याची सगळी ताकद त्या १०० मिलिमीटरमध्ये आहे. अपोलोच्या काळापासून डॉकिंगच्या लक्ष्यावर पुढे आलेला क्रॉस असतो, तो याच कारणासाठी.

१७ ऑगस्ट

दोन रंगांची वजाबाकी चालली!

क्यूबसमोर असा फिल्टर लावला आहे की ८५० नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जातो आणि ७८० चा अडतो. एक फ्रेम ८५० च्या दिव्यात, दुसरी ७८० च्या दिव्यात. भिंत, रूळ, फळीचा पत्रा दोन्ही फ्रेममध्ये सारखेच उजळतात. क्यूब फक्त पहिलीत चमकतात. पहिलीतून दुसरी वजा केली की काळ्या पडद्यावर पाच ठिपके उरतात. नासाच्या व्हिडिओ गाइडन्स सेन्सरची हीच युक्ती, तिथे ८०० आणि ८५० नॅनोमीटरचे लेसर होते. तो १९९७ आणि १९९८ मध्ये स्पेस शटलवरून उडाला.

कितीही वेळा वाचलं असलं तरी आपल्या पडद्यावर खोलीतलं सगळं विरून फक्त ते पाच ठिपके राहिलेले बघणं वेगळंच.

१८ ऑगस्ट

कॅमेरा हलता असेल तर वजाबाकी बिघडते. दोन फ्रेममध्ये ५० मिलिसेकंद जात होते. सेकंदाला १ अंश वळण असलं तर तेवढ्यात चित्र २.२ पिक्सेल सरकतं आणि प्रत्येक उजळ कडेची रेघ उरते. ट्रिगर बदलला: दोन फ्रेम ५ मिलिसेकंदांच्या अंतराने लागोपाठ, मग विश्रांती. सेकंदाला पाच जोड्या. रेघा गेल्या.

२६ ऑगस्ट

एक न सुटलेली गोष्ट. बाजूच्या दिशेचं माप १० मिमीने चुकतंय आणि अंतर कितीही असलं तरी १० मिमीच. कॅमेरा वाकडा असता तर ही चूक अंतराबरोबर वाढली असती. फळी पुन्हा मोजली, ती बरोबर आहे. तूर्त १० मिमी वजा करून पुढे जातोय, पण कारण कळल्याशिवाय वजा केलेली चूक मला स्वस्थ बसू देत नाही.

२ सप्टेंबर

आजचा दिवस वेगासाठी.

आमची गाडी सेकंदाला १० मिमी चालते. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह जोडले गेले, तिथला ठरलेला जवळ येण्याचा वेग हाच होता. १० मीटरवर आमची दोन लागोपाठची मापं घेऊन त्यांतला फरक वेळेने भागला, तर वेगात ४७ मिमी प्रति सेकंदाचा गोंगाट येतो. मोजायच्या राशीच्या जवळजवळ पाचपट! म्हणून काल्मन फिल्टर. तो प्रत्येक माप एकेकटं न घेता आधीच्या अंदाजाशी तोलून घेतो आणि हळूहळू वेग स्थिर होत जातो.

वेगाचा एवढा ध्यास का, हे रुळावर कळत नाही. कक्षेत मात्र सगळं उलटंपालटं असतं. लक्ष्याच्या मागे असलेल्या यानाने पुढे जोर लावला तर त्याची कक्षा उंचावते, प्रदक्षिणेला लागणारा वेळ वाढतो आणि ते शेवटी आणखी मागे पडतं. ही सापेक्ष गती क्लोहेसी आणि विल्टशायर यांनी १९६० मध्ये नेटक्या समीकरणांत मांडली. त्यांतून निघणारा एक आकडा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. ४७० किमी उंचीवर एक प्रदक्षिणा साधारण ९४ मिनिटांची. कक्षेच्या दिशेने १ सेंमी प्रति सेकंद इतकी वेगाची चूक राहून गेली, तर एका प्रदक्षिणेनंतर यान सुमारे १७० मीटर भलतीकडे असतं. जागेची १ सेंमीची चूक माफ होते, वेगाची होत नाही.

२५ जून १९९७ रोजी प्रोग्रेस एम-३४ हे मालवाहू यान रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर आदळलं. चालवणाऱ्या अंतराळवीराकडे वेग सांगणारं रडार त्या चाचणीत चालू नव्हतं. पडद्यावर दिसणाऱ्या मीरच्या आकारावरून अंदाज बांधायचा होता, आणि मीरच्या मागे होती ढगांनी भरलेली पृथ्वी. यान फार वेगात आहे हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला. स्पेक्त्र मॉड्यूलला भोक पडलं, हवा जाऊ लागली. आकार वाढतोय हे डोळ्याला दिसतं, तो किती वेगाने वाढतोय हे दिसत नाही. आमचा ४७ मिमीचा गोंगाट म्हणजे तीच अडचण आकड्यांत.

११ सप्टेंबर

सकाळची पहिली फेरी आणि दुपारची फेरी यांत १० मीटरवर ८ मिमीचा फरक. कॅमेरा तापेपर्यंत भिंगाचं नाभीय अंतर २५०० मध्ये २ पिक्सेलने बदलतं. आता मोजणीआधी कॅमेरा ४० मिनिटं चालू ठेवायचा.

२३ सप्टेंबर

आजची फेरी मी विसरणार नाही.

उपग्रहांवर सोनेरी सुरकुतलेल्या उष्णतारोधक आवरणाचे थर असतात. फळीभोवती तशीच फॉइल लावली आणि बाजूने तिरका झोतदिवा सोडला, सूर्याच्या जागी. झोतदिव्याची चमक दोन्ही फ्रेममध्ये सारखी, त्यामुळे ती वजा होईल अशी खात्री होती, आणि बहुतेक झालीही. पण जिथे कॅमेरा पूर्ण संपृक्त झाला तिथे दोन्ही फ्रेम पांढऱ्या, वजाबाकी शून्य, आणि त्या पांढऱ्याखाली असलेला खरा क्यूबही नाहीसा. याचा उपाय सोपा: एक्स्पोजर खूप कमी, दिवे प्रखर.

खरी अडचण झोतदिवा बंद केल्यावर आली. पडद्यावर सहा ठिपके! सहावा फॉइलच्या एका सुरकुतीवर, आकाराने आणि तेजाने अगदी क्यूबसारखा. तासभर बघत बसल्यावर उलगडलं. आमचे दोन दिवे भिंगाच्या दोन बाजूंना, प्रत्येकी २० मिमीवर होते. सुरकुतीचा एखादा बारीक पैलू असा वळलेला असतो की तो ८५० च्या दिव्याचा प्रकाश भिंगात टाकतो आणि ७८० च्या दिव्याचा टाकत नाही. फिल्टर नसताना तो फिल्टर लावलेल्या क्यूबचं सोंग घेतो.

आणि त्याच क्षणी २६ ऑगस्टचे १० मिमी सुटले. क्यूब प्रकाश दिव्याकडे परत पाठवतो, भिंगाकडे नाही. भिंग दिव्यापासून २० मिमी बाजूला असेल, तर भिंगात शिरणारे किरण क्यूबच्या मध्यातून येत नाहीत, त्याच्या निम्मे म्हणजे १० मिमी बाजूच्या भागातून येतात. म्हणून अंतर कितीही असलं तरी तेवढाच फरक. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच होतं.

भिंगाभोवती कडं करून त्यात दोन्ही रंगांचे दिवे आळीपाळीने बसवायचे ठरलं.

२५ मे २०१२ ला ड्रॅगन यान पहिल्यांदा अंतराळ स्थानकाजवळ पोचलं तेव्हा असंच घडलं होतं. त्याच्या लायडारला, म्हणजे लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, स्थानकाच्या जपानी किबो मॉड्यूलवरून भलतेच परावर्तन मिळू लागले. यान ७० मीटरवर मागे घेतलं, लायडारची नजर अरुंद केली आणि मग पुन्हा पुढे नेलं. मागे जाण्याची सोय आधीच आखलेली होती, म्हणून ते शक्य झालं. आमच्या गाडीला आज मागे जाण्याची आज्ञाच माहीत नाही.

२७ सप्टेंबर

कडं बसलं. १० मिमीचा फरक गेला, वजा केलेली ओळ प्रोग्राममधून समाधानाने पुसली. खोटे ठिपके खूप कमी झाले, संपले नाहीत.

म्हणून आता प्रश्न असा: सहा-सात ठिपक्यांतले पाच खरे कुठले? आणि त्याहून मोठा: चुकीचे निवडले तर आपल्याला कळेल का?

इथे पाच या संख्येचं महत्त्व मला नव्याने जाणवलं. जागा आणि कल मिळून सहा अज्ञात राशी. प्रत्येक ठिपका दोन समीकरणं देतो. तीन ठिपके घेतले तर सहा समीकरणं, सहा अज्ञात. हिशोब जुळतो, काही वेळा चार-चार निरनिराळ्या प्रकारे जुळतो, आणि शिल्लक, म्हणजे मोजलेले ठिपके आणि काढलेल्या उत्तरावरून अपेक्षित ठिपके यांतलं अंतर, कायम शून्य. एक ठिपका खोटा असला तरी शिल्लक शून्यच! सेन्सर चुकीचं उत्तर तितक्याच ठामपणे देतो. पाच ठिपक्यांची दहा समीकरणं. सहा अज्ञात भागवून चार उरतात, आणि सेन्सरला स्वतःवर शंका घेण्याची जागा ती चारच आहेत. ही शिल्लक ०.३ पिक्सेलच्या वर गेली की उत्तर नाकारायचं, अशी मर्यादा घातली. खऱ्या ठिपक्यांवर शिल्लक साधारण ०.०६ असते. ५ मीटरवर फॉइलचा ठिपका मुद्दाम आत घेतला तर ती ४ च्या पुढे जाते.

आजपासून सेन्सरच्या उत्तराला दोन भाग: माप, आणि ते मानायचं की नाही. गाडीला मागे जाण्याची आज्ञाही शिकवली.

८ ऑक्टोबर

काल्मन फिल्टरने आज खऱ्या मापांना दार बंद केलं.

घडलं ते असं. शिल्लक-चाचणीला चकवून एक चुकीचं माप आत आलं. दूरवर, ९ मीटरच्या पुढे, खोटा ठिपका खऱ्याला जवळजवळ चिकटून होता. फिल्टरचा वेगाचा अंदाज वाकडा झाला. पुढची मापं खरी होती, पण फिल्टरच्या अपेक्षेपासून लांब पडत होती, आणि आम्हीच घातलेला नियम असा की अपेक्षेपासून फार लांबचं माप फेकून द्यायचं. त्याने एकामागोमाग एक ४१ खरी मापं फेकली, आपल्या चुकीच्या अंदाजावर गाडी चालवत राहिला, आणि स्वतःच्या अनिश्चिततेचा आकडा तेवढा वाढवायला विसरला, कारण हालचालीतली अनिश्चितता मी फारच लहान दिली होती.

संध्याकाळी नासाच्या डार्ट मोहिमेबद्दलचं पुन्हा काढून वाचलं. १५ एप्रिल २००५ ला उडालेलं हे यान मबलकॉम या उपग्रहाजवळ माणसाच्या मदतीविना जाणार होतं. त्याच्या जीपीएस रिसीव्हरचं वेगाचं माप सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंदाने सरकलेलं होतं. मोजलेलं आणि अंदाजलेलं यांत फरक पडला की प्रोग्राम अंदाज टाकून नव्याने सुरुवात करायचा, आणि त्याच सरकलेल्या मापातून सुरुवात झाल्याने पुन्हा फरक पडायचा. इंधन भराभर संपलं. जवळून बघणारा प्रगत सेन्सर पूर्ण क्षमतेने चालू व्हायला यानाने एका ठरलेल्या बिंदूतून जायला हवं होतं. तो बिंदू हुकला आणि सेन्सर कधी पूर्ण जागा झालाच नाही. यान सुमारे दीड मीटर प्रति सेकंद वेगाने उपग्रहाला धडकलं.

ते वाचताना पोटात गोळा आला, कारण आमच्या प्रोग्राममध्ये तशीच अट आहे: अंदाजलेलं अंतर १.२ मीटरच्या आत आलं की जवळचा नमुना, म्हणजे फळीवरचा ठिपक्यांचा छोटा संच, बघायला लाग. अंदाजच चुकला असेल तर?

बदल तीन. हालचालीची अनिश्चितता दहापट वाढवली. लागोपाठ पाच मापं नाकारली गेली तर दोष मापांचा आहे असं न मानता फिल्टरच्या अंदाजावरच अविश्वास दाखवायचा, गाडी थांबवायची, आणि पाचही ठिपक्यांवरून शून्यापासून उत्तर काढायचं. आणि नमुन्यांची अदलाबदल आता अंतरावर ठरणार नाही. जवळच्या नमुन्याने स्वतःहून लागोपाठ २० सुसंगत उत्तरं दिली की मगच तो ताबा घेईल.

१९ ऑक्टोबर

जवळच्या नमुन्याची गरज कशासाठी ते लिहायचं राहिलं होतं. ०.७३ मीटरच्या आत ३०० मिमीचा चौकोन चित्राच्या उंचीत मावत नाही. सगळ्यात महत्त्वाच्या शेवटच्या टप्प्यात मोठा नमुना डोळ्याबाहेर जातो. म्हणून फळीवर ६० मिमीचा छोटा नमुना. १.५ ते ०.८ मीटर या पट्ट्यात दोन्ही नमुने नीट दिसतात. स्पेडेक्समध्येही सेन्सरांच्या हद्दी अशा एकमेकांवर चढवलेल्या होत्या: एक जवळ येताना १० मीटर उरेपर्यंत बघणारा, दुसरा ३० मीटरपासून ०.४ मीटरपर्यंत.

पहिल्या अदलाबदलीत वेगाला झटका बसला. छोट्या नमुन्याची जागा फळीवर मोजताना आमची ०.८ मिमीची चूक झाली होती. फिल्टरला तो ०.८ मिमी एका पंचमांश सेकंदात झालेला वाटला, म्हणजे ४ मिमी प्रति सेकंद. आता सामाईक पट्ट्यात दोन्ही उत्तरांतला फरक मोजला जातो आणि ताबा द्यायच्या आधीच लागू होतो.

२० ऑक्टोबर

सहा फेऱ्या, प्रत्येकी साडेसोळा मिनिटं. सहाही पार पडल्या.

२ नोव्हेंबर

आंधळी चाचणी. सहकारी फळीत काहीतरी बदल करणार, मला सांगणार नाही.

पहिल्यांदा तिने एक क्यूब झाकला आणि १० मिमी बाजूला दुसरा लावला. १० मीटरवरूनच शिल्लक मर्यादेबाहेर गेली, गाडी थांबली. दुसऱ्यांदा मध्येच झोतदिवा सरळ भिंगावर. ठिपके गेले, पाच नकार, गाडी मागे. मी खूश होतो.

तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. शिल्लक ०.०६, वेग स्थिर, सगळं हिरवं. तिने थांबवायला सांगितलं. एन्कोडर ६.०० मीटर दाखवत होता, आमचा सेन्सर ६.३२. तिने संपूर्ण फळीच बदलली होती: ३०० ऐवजी २८५ मिमीचा चौकोन, खांब ९५ मिमीचा. आकार तोच, फक्त ५ टक्क्यांनी लहान.

लहान फळी जवळ आणि मोठी फळी लांब, चित्र जवळजवळ एकसारखंच. त्या चार जास्तीच्या समीकरणांना यातलं काहीच दिसत नाही. कक्षेत कोणी फळी बदलणार नाही, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात ११ सप्टेंबर आठवला. तापणारं भिंग हेच करतं. नाभीय अंतर बदललं की सगळं चित्र एका प्रमाणात मोठं किंवा लहान होतं, शिल्लक हलत नाही. तेव्हा मी ४० मिनिटं थांबून ती चूक टाळली. अंतराळात दर प्रदक्षिणेला ऊन आणि सावली येणार, थांबायला वेळ कुठे?

९ नोव्हेंबर

अंतर मोजण्याची दुसरी, प्रकाशाच्या वेळेवर चालणारी वाट जोडली. लेसरचा स्पंद जाऊन परत यायला लागणारा वेळ. १ सेंमीसाठी जाऊन-येऊन ६७ पिकोसेकंद. भिंगाच्या तापण्याशी किंवा चौकोनाच्या मापाशी याचा काही संबंध नाही, म्हणूनच हवा होता. हा लेसर दिशा आणि कल सांगू शकत नाही, आणि त्याच्या मापावर गाडी चालवायचीही नाही. त्याचं काम एकच: कॅमेऱ्याच्या अंतराशी ताडून बघणं. फरक २ टक्क्यांच्या वर गेला की गाडीला पुढची आज्ञा मिळणार नाही.

लेसर खांबाला लागतो की फळीला, यावर १०० मिमीचा घोळ होत होता. त्याच्यासाठी फळीवर वेगळा मॅट पांढरा चौकोन ठेवला.

१२ नोव्हेंबर

२८५ मिमीची फळी परत लावली. १० मीटरवर कॅमेरा म्हणाला १०.५३, लेसर म्हणाला १०.०१. गाडी जागची हलली नाही.

मग ३०० ची फळी लावली, फॉइलसकट, झोतदिव्यासकट, आणि कॅमेरा थंड असतानाच सुरू केला. पहिल्या ४० मिनिटांत दोन फेऱ्या झाल्या. अदलाबदल १.१ मीटरवर झाली, झटका नाही. दोन्ही वेळा गाडी टोकाशी थांबली आणि तिथला स्विच लागला. बाजूची चूक एकदा ०.४ मिमी, एकदा ०.३. कॅमेरा आणि लेसर यांतला फरक पहिल्या फेरीत सुरुवातीला जास्त होता आणि कॅमेरा तापत गेला तसा कमी होत गेला. तो फरक आता साठवून ठेवतोय. उद्या त्यावरूनच नाभीय अंतर चालू फेरीत दुरुस्त करून बघायचं.